फ्रेंच सायकलीला इंग्लिश आटे: रिस्टोरेशनच्या कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: जुन्या टूरिंग सायकलीची चुकीची ओळख आणि त्यामुळे फ्रेमचे झालेले नुकसान. दुरुस्ती व भरपाई मिळण्याबाबत.

महोदय,

‘ओळख आणि संपूर्ण रिस्टोरेशन’ या पॅकेजमध्ये आपल्या वर्कशॉपकडे दिलेली टूरिंग सायकल परत मिळाली. सोबत आलेल्या प्रमाणपत्रात ती ‘ब्रिटिश, १९५० चे दशक’ असल्याचे लिहिले आहे. ती ब्रिटिश नाही आणि १९५० च्या दशकातलीही नाही. चूक नुसती कागदावर राहिली असती तर एका फोनने भागले असते. पण त्या कागदावर भिस्त ठेवून आपल्या कारागिराने फ्रेमला टॅप (आटे पाडायचे हत्यार) लावला, आणि सगळे नुकसान तिथून सुरू झाले.

आधी ओळखीबद्दल. आपल्या माणसाने फ्रेमवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ वाचले आणि इंग्लंड ठरवून टाकले. ही नळी बर्मिंगहॅमची, १९३५ सालापासूनची, इथवर बरोबर आहे. पण रेनॉल्ड्स नळ्या बनवत असे आणि त्या इतर देशांतल्या फ्रेम बनवणाऱ्यांनाही विकत असे. फ्रान्ससाठी त्या मेट्रिक मापात जात. या फ्रेमवरच्या स्टिकरचा मजकूरही फ्रेंचमध्ये होता. काम सुरू होण्याआधी आपणच काढलेल्या फोटोत तो वाचता येतो. व्हर्नियर (बारीक मापे घेणारी पट्टी) लावला असता तर शंका उरलीच नसती. इंग्लिश मापात सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी आणि आडवी नळी २५.४ मिमी असते. फ्रेंच मापात त्याच दोन नळ्या २८ आणि २६ मिमी भरतात, म्हणजे एक इंग्लिशपेक्षा बारीक आणि दुसरी जाड. ही उलटसुलट जोडी दिसली की देश कळतो. आपण चढवलेल्या पावडर कोटिंगचा (रंगाचा) थर खरवडून दोन जागी मोजले तेव्हा २८.० आणि २६.० च आले.

आपल्या जॉब कार्डावर सीट पिलरचे (सीटच्या नळीत बसणाऱ्या दांड्याचे) माप २६.४ लिहिलेले आहे. २८.६ च्या बटेड (टोकाला जाड, मध्ये पातळ भिंतीच्या) ५३१ नळीत साधारणपणे २७.२ चा पिलर बसतो, त्यामुळे तिथेच थांबून विचार व्हायला हवा होता. २६.४ चा पिलर काही साध्या, जाड नळीच्या इंग्लिश फ्रेममध्येही येतो हे मान्य आहे, म्हणून एकट्या त्यावर निकाल देऊ नये. पण स्टिकर, दोन्ही नळ्या आणि पिलर एकाच दिशेने बोट दाखवत असताना ‘ब्रिटिश’ कुठून आले?

काळाचे म्हणाल तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सिम्प्लेक्स कंपनीचा, डेल्रिन प्लॅस्टिकचा आहे. तो १९६० च्या दशकापासून पुढचा माल. मागच्या चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या नळ्यांचे) अंतर १२६ मिमी आहे, म्हणजे सहा दातचक्रांचे फ्रीव्हील. पाच चक्रांच्या काळात ते १२० असे. सुटे भाग मागाहून बदलता येतात आणि १२० चा चिमटा ताणून १२६ करता येतो, हेही खरे. पण ताणलेल्या चिमट्याचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसवायच्या खाचा) पुन्हा सरळ केले नसतील तर एकमेकांना समांतर राहत नाहीत. इथे ते समांतर आहेत आणि चाक जोर न लावता बसते. त्यामुळे १९७० च्या दशकाचा मध्य किंवा त्यानंतरचा काळ धरणे रास्त. बनवणाऱ्याचे नाव सांगता येत नाही, कारण पुढच्या बिल्ल्याची फक्त दोन भोके उरली आहेत. त्या जागी ‘ओळख पटली नाही’ असे लिहिले असते तर काहीच बिघडले नसते.

आता मुख्य तक्रार. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या बेअरिंगच्या) शेलची, म्हणजे फ्रेममधल्या आडव्या नळकांड्याची, रुंदी ६८ मिमी भरली म्हणून तो इंग्लिश, असे आपल्या सुपरवायझरने फोनवर सांगितले. फ्रेंच शेलही ६८ मिमीचाच असतो. रुंदीने फार तर ७० चा इटालियन शेल वेगळा काढता येतो. फरक आट्यांमध्ये असतो. इंग्लिश आटा १.३७ इंच गुणिले २४, म्हणजे व्यास ३४.८ मिमी, इंचाला २४ आटे आणि पिच (दोन आट्यांमधले अंतर) सुमारे १.०६ मिमी. फ्रेंच आटा ३५ मिमी गुणिले १ मिमी. इंग्लिश शेलचा उजवा कप (बेअरिंग धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा असतो, फ्रेंचचे दोन्ही कप सुलट. स्विस नावाचा तिसरा प्रकार ३५ गुणिले १ चाच, पण त्याचा उजवा कप उलट असतो. हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. काढलेला उजवा कप हातात धरून घड्याळाच्या दिशेने फिरवताना तो पुढे जातो की मागे येतो ते पाहायचे आणि पिच गेज टेकवायचा. आपण जुने भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत परत दिले, त्याबद्दल आभार. त्या पिशवीतल्या दोन्ही कपांच्या कडेवर ‘३५×१’ असे स्पष्ट कोरलेले आहे आणि दोन्ही सुलट आट्यांचे आहेत. ग्रीस पुसून कडा पाहायला अर्धा मिनिट पुरले असते.

ते न करता उजव्या बाजूला उलट इंग्लिश टॅप फिरवला गेला. ३४.८ चा टॅप ३५ च्या जुन्या आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तो फक्त माथे आडवे कापतो. टॉर्च धरून शेलमध्ये पाहिले तर आट्यांच्या सलग रेघांऐवजी शंकरपाळ्यासारखे चौकटी दाणे दिसतात. त्या दाण्यांवर कप उभा आहे, आणि तो फिरू नये म्हणून लॉकिंग लिक्विड भरपूर ओतलेले आहे. डाव्या बाजूला टॅप न लावता इंग्लिश कप जोराने घुसवला आहे. पहिले काही आटे तो गोडीगुलाबीने जातो, पण प्रत्येक आट्यामागे ०.०६ मिमीची चूक साचते. आठ-नऊ आट्यांत अर्ध्या आट्याचा फरक पडतो आणि कप जाम होतो. वर्कशॉपमध्ये बहुधा त्यालाच ‘घट्ट बसला’ म्हटले गेले असावे. आज उजव्या क्रँकला (पेडलच्या दांड्याला) हाताने हलवले तरी एक्सल खेळतो, आणि छर्‍यांच्या ग्रीसमध्ये लोखंडाचा चकचकीत चुरा सापडतो.

क्रँक स्ट्राँगलाइट कंपनीची आहे, अ‍ॅल्युमिनियमची. तिच्या पुलरचे (क्रँक ओढून काढायच्या हत्याराचे) आटे २३.३५ मिमीचे असतात. बाजारातला नेहमीचा पुलर २२ चा; तो आत जातो पण काहीच धरत नाही. टीए कंपनीच्या क्रँकचा पुलर २३ चा. तो जरासा धरतो आणि जोर आला की सगळे आटे ओरबाडून बाहेर काढतो. डाव्या क्रँकचे आटे नेमके तसे गेले आहेत, शिवाय क्रँकच्या मागच्या बाजूला हातोडीचे तीन खड्डे आहेत. पेडलची गंमत याहून वेगळी. जुने पेडल १४ गुणिले १.२५ चे होते, नवे ९/१६ इंच गुणिले २० चे. पिच जवळजवळ सारखाच आणि व्यास थोडा मोठा, त्यामुळे या जागी ९/१६ चा टॅप फिरवणे हाच सर्वमान्य उपाय. जिथे टॅप चालवायचा नव्हता तिथे चालवला, आणि इथे मात्र पेडल पान्याने रेटून बसवले. उजवे पेडल तिरके बसले आहे, ते डोळ्यांनीच दिसते.

टायरबद्दल मात्र तातडीची सूचना: या अवस्थेत ही सायकल कुणीही चालवू नये. रिम ६५०बी, म्हणजे टायर बसतो तिथे ५८४ मिमी व्यासाची आहे. तिच्यावर आपण २६ गुणिले १ ३/८ चा टायर चढवला आहे, जो ५९० मिमीचा असतो. सहा मिमी ढिला असल्यामुळे तो हाताने, लिव्हरशिवाय चढतो. तेव्हाच शंका यायला हवी होती. हवा भरली की एका बाजूला तो रिमच्या कडेबाहेर फुगतो. उतारावर निसटला तर काय होईल ते सांगायला नको. विशेष म्हणजे ५८४ चे टायर दुर्मीळ राहिलेले नाहीत. माउंटन सायकलीचे २७.५ इंची चाक याच मापाचे असते. ३८ ते ४२ मिमी रुंदीचा, कमी नक्षीचा टायर घ्यायचा आणि मडगार्डखाली बोटभर जागा राहते का ते पाहायचे. पुढच्या ब्रेकचे शूही उलटे बसवले आहेत. शूची बंद बाजू चाकाच्या फिरण्याच्या दिशेने, म्हणजे पुढे हवी. उघडी बाजू पुढे असेल तर ब्रेक दाबताच रबर सरकून बाहेर पडते.

हे सगळे पैशाने भरून निघेल. रंगाचे तसे नाही. जॉब कार्डावर ‘मूळ रंग काढू नये, फक्त स्वच्छता आणि मेण’ अशी ओळ आहे आणि तिच्याखाली आपल्या माणसाची सही आहे. तरी फ्रेम सँडब्लास्ट करून पावडर कोट केली गेली. फ्रेंच मजकुराचा स्टिकर गेला. चिमट्याच्या टोकांचे क्रोम रंगाखाली गाडले गेले. शेलखाली ठोकलेला नंबर पावडरने भरला. बनवणाऱ्याचा शोध लागण्याची शक्यता होती ती त्याच नंबरामुळे. बटेड नळीची भिंत मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, तिच्यावर जाड वाळूचा मारा करत नाहीत. गंजासाठी लिटरभर कोमट पाण्यात २० ते ३० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड पुरते. अ‍ॅल्युमिनियमचे भाग आधी काढून ठेवायचे, हातमोजे घालायचे, मधूनमधून पाहत राहायचे आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचे. क्रोमला ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा चालतो. नळ्यांच्या आतून उकळलेले जवसाचे तेल फिरवले की झाले. हा खर्च काही शे रुपयांचा. आपल्या बिलात फक्त ब्लास्टिंग आणि कोटिंगचे ९,५०० रुपये लावले आहेत.

फ्रीव्हीलला आपण हात लावला नाही, त्यामुळे मागच्या हबचे आटे शाबूत आहेत, एवढी एक जमेची बाजू.

मागण्या अशा. शेलमध्ये पुन्हा इंग्लिश किंवा फ्रेंच टॅप फिरवू नये. तिथे आता धातूच उरलेला नाही. एकतर विना-आट्याचा, दोन्ही बाजूंनी आवळून बसणारा सीलबंद बॉटम ब्रॅकेट बसवावा, नाहीतर शेल रीम करून (आतून कापून मोठा करून) ३६ मिमी गुणिले २४ चे इटालियन आटे पाडावेत आणि दोन्ही कडा फेसिंग करून (सपाट कापून) घ्याव्यात. पहिला उपाय आधी करून पाहावा, कारण त्यात फ्रेमचे काही जात नाही आणि दुसरा मार्ग मोकळा राहतो. हे काम आपल्या वर्कशॉपमध्ये होऊ नये. फ्रेमच्या कामाची हत्यारे असलेल्या दुसऱ्या कारागिराकडे करावे आणि त्याचे बिल आपण भरावे. अडकलेली क्रँक दोन पायांच्या बेअरिंग पुलरने, मागून आधार देऊन काढावी आणि त्याच लांबीची स्ट्राँगलाइट डावी क्रँक द्यावी. टायर आणि ब्रेक शू बदलून द्यावेत. ब्लास्टिंग, कोटिंग आणि ‘ओळख’ या तिन्हीची रक्कम परत करावी. प्रमाणपत्र लेखी मागे घ्यावे, आणि काम सुरू होण्याआधीचे सर्व फोटो मूळ आकारात द्यावेत, कारण त्या स्टिकरचा आता तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

जॉब कार्ड व बिलाची प्रत, शेलच्या आतले आणि ‘३५×१’ च्या कपांचे फोटो सोबत जोडले आहेत. मूळ कप मात्र देणार नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल.

आपला,
जॉब कार्डावरील ग्राहक
पुणे