सूचना : अंगणवाडीतील मुलांच्या गृहभेटींबाबत
गृहभेटींना जाणाऱ्या या गटातील सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, घरातील मारहाण, अचानक झालेले स्थलांतर किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू पाहिलेले मूल पुष्कळदा भेदरलेले असते. म्हणून खिचडीला हात न लावता दाराकडे पाहत बसणाऱ्या मुलाला रागावू नये आणि त्याची नेहमीची जागा शक्यतो बदलू नये. आईला गैरहजेरीचा जाब विचारण्यापेक्षा, शेजारीपाजारी नसताना, घरी सगळे ठीक आहे ना, एवढेच आधी विचारावे. रोजंदारी बुडवून तिला बैठकीस बोलावणे अन्यायाचे आहे. भेटीची वेळ तिच्या सोयीनेच ठरवावी. तिने विश्वासाने सांगितलेले काहीही या गटात लिहू नये. मुलाच्या जिवाला धोका दिसल्यास मात्र विलंब न लावता १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर, तसेच आईला मारहाण होत असल्यास तिच्या संमतीने १८१ या महिला हेल्पलाइनवर कळवावे.