माकडताप उतरला, तरी तीन आठवडे लक्ष ठेवा

संपादक महोदय,

काजूचा हंगाम आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाची चर्चा सुरू होते आणि रुग्णाचा ताप उतरला की थांबते. पण गोचीड चावल्याने होणारा हा विषाणूजन्य आजार दोन टप्प्यांत येऊ शकतो. पहिला ताप आठवडाभर, कधी जास्तही टिकतो. मग एक ते दोन आठवडे बरे वाटते, रुग्ण पुन्हा बागायतीत जाऊ लागतो. आणि दहा ते वीस टक्के रुग्णांना परत ताप येतो. या वेळी विषाणूचा रोख मेंदूकडे असतो. डोके असह्य दुखते, मान ताठते, हात थरथरतात, नजर धूसर होते, माणूस असंबद्ध बोलतो. घरच्यांना हे अशक्तपणामुळे वाटते आणि मोलाचे दिवस जातात.

विषाणूवर थेट औषध नाही. म्हणून झटके, शुष्कता, रक्तस्राव यांवर वेळीच उपचार होणे हाच आधार. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

याच कुळातला युरोपातला गोचिडीचा मेंदूज्वर पाहा. तिथे मेंदूपर्यंत आजार गेलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे महिनोन्‌महिने, काहींना कायमचा त्रास राहतो: विसरभोळेपणा, लक्ष न लागणे, तोल जाणे, खांद्या-दंडातली ताकद जाणे. काजूच्या झाडाखाली वाकून दिवसभर बोंडू गोळा करणाऱ्याला यातली एक गोष्टही रोजगारातून उठवायला पुरेशी आहे.

आमचे मागणे असे. रुग्णाला घरी सोडताना वरची लक्षणे मराठी-कोंकणीत छापलेला कागद हाती द्यावा. आरोग्य सेविकेने तीन आठवडे घरी जाऊन पाहावे. दुसरा टप्पा झालेल्यांची चाल, पकड, स्मरण आणि दृष्टी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात तपासून नोंद ठेवावी. गरज असेल तर फिजिओथेरपी तालुक्यातल्या वाळपईतच मिळावी. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाची एक फेरी म्हणजे मजुराचा बुडालेला दिवस.

गोचीड चिकटली तर रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. गोठ्यासाठी पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, गोळा करतानाही अंगभर कपडे आणि मोजे हवेतच, कारण गोचिडीची पिल्ले त्याच पाल्यात असतात आणि खसखशीएवढी असल्याने दिसत नाहीत. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

– सत्तरीतील काही आरोग्य कर्मचारी