आईचा रिपोर्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला रिपोर्ट वाचला. आईचं व्हिटॅमिन डी 8 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आलंय. सीओपीडीच्या, म्हणजे तिच्यासारख्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटचं डी दहाच्या खाली गेलं तर ते भरून काढायलाच हवं. 2019 साली बऱ्याच चाचण्यांमधल्या रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा सरसकट सगळ्यांना डी देऊन फायदा दिसला नाही. पण ज्यांचं दहाच्या खाली होतं, त्यांचा दम उसळण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. म्हणून आई, आठवड्याची ती 60 हजार युनिटांची कॅप्सूल डॉक्टरांनी सांगितलीय तितके आठवडे घे, जेवणानंतर घे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस आणि संपल्यावर आपल्या मनाने पुढेही चालू ठेवू नकोस. श्वासाचा पंप तर चालूच राहणार, ही कॅप्सूल त्याच्या जागी नाही.

सकाळच्या कोवळ्या उन्हात बसतेस ते छान, पण त्यातून डी फारसं मिळत नाही. त्यासाठी दहानंतरचं ऊन लागतं. मागच्या ओट्यावर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसत जा. शेजारी कोणी चूल पेटवली असेल तर मात्र आत ये. तीस वर्षं त्या धुरानेच तुझी छाती अशी केली.

मला खरी काळजी पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांची वाटते. फोनवर तू ते हसण्यावारी नेलंस. दम लागल्यावर घ्यायच्या औषधाने, म्हणजे पंप असो की वाफ, रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं. त्यात तुला पायाच्या सुजेसाठी लघवीची गोळी आहे, तिने पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही कमी होऊ शकतात. दोन्ही घटले की गोळे येतात, छातीत धडधडतं, श्वासाचे स्नायूही थकतात. बाबा, पुढच्या तपासणीत या दोन्ही चाचण्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याआधी पोटॅशियम-मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करू नका, मूत्रपिंड पाहूनच त्या देतात.

आणि बाबा, दोघांसाठी आणलेला तो व्हिटॅमिनचा डबा उघडण्याआधी मागची चिठ्ठी वाचा. बीटा कॅरोटीन लिहिलं असेल तर तुम्ही घेऊ नका. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत त्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढला होता, 1994 साली ते जाहीर झालं. तुमची विडी अजून सुटलेली नाही. गाजराची कोशिंबीर खुशाल खा.

आईला एका वेळी भरपूर वाढू नका, पोट तट्ट भरलं की तिला श्वास पुरत नाही. थोडं थोडं, चारपाच वेळा, आणि प्रत्येक वेळी डाळ, अंडं किंवा दही असू दे.

रविवारी फोन करते.

तुमची,
मनू