अंकलिपीतला एडका कोणी ओळखत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडायच्या तोंडावर दुकानांत अंकलिप्यांचे गठ्ठे येऊन पडतात. कागद गुळगुळीत झाला, रंग भडक झाले, आतली चित्रे मात्र बरीचशी तीच राहिली. चार वर्षांच्या मुलासमोर अक्षर झाकून नुसते चित्र धरून पाहा. ‘ए’चा एडका त्याला मेंढी वाटतो, ‘थ’चा थवा म्हणजे पक्षी, ‘ठ’चा ठसा म्हणजे अंगठा, ‘औ’चे औषध म्हणजे बाटली. यात मूल चुकत नाही, चित्र चुकते. चित्र पाहून तोंडात आलेल्या शब्दाचा पहिला आवाज पानावरच्या अक्षराशी जुळायला हवा. त्यामुळे छपाईआधी प्रत्येक चित्र ५-६ मुलांना अक्षराविना दाखवावे. निम्म्यांनी वेगळाच शब्द सांगितला तर चित्र बदलावे.

स्वरांसाठी वस्तूच हवी, असा हट्ट तरी कशाला? ‘ए’च्या पानावर मुलगी हाक मारते, “ए दादा!” ‘ऐ’च्या पानावर ती कानाशी हात नेऊन म्हणते, “ऐक ना!” आणि ‘ओ’च्या पानावर दादा झाडावरून ओ देतो, “ओ!” मुले हा खेळ लगेच उचलतात, कारण घरात दिवसभर हेच चाललेले असते.

खरी पंचाईत ‘ण’ आणि ‘ळ’ची. मराठीत यांनी शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ छापतात. आधीची सगळी पाने पहिल्या अक्षराची, इथे अचानक शेवटचे. मूल साहजिकच ‘ब’ म्हणते. अशा पानांवर नेमके तेवढे अक्षर वेगळ्या रंगात छापावे आणि एका शब्दाऐवजी अख्खे वाक्य द्यावे: ‘काळा मुंगळा गुळाचा गोळा ओढतोय.’ यात चार ‘ळ’ आहेत. ते शोधून बोट ठेवायला सांगा, अक्षर पक्के बसते. ऌ, ङ, ञ यांना मात्र एकाच पानावर लहान जागा पुरे. ‘वाङ्मय’ या वयाला काय कामाचे?

च, ज, झ यांना प्रत्येकी दोन चित्रे हवीतच. चमचा आणि चिमणी, जाळे आणि जिराफ, झाड आणि झेंडा. अक्षर एक, आवाज दोन. ‘चार’ आणि ‘चारा’ मोठ्याने म्हणून पाहिले की फरक कानाला कळतो. एकच चित्र दिले तर दुसरा आवाज पुस्तकातून गायबच होतो.

आता अक्षरवळण. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणे ठरली. तरी पुस्तकांत हिंदी वळणाचे ल, श दिसतात. कारण अगदी साधे आहे. अनेक फाँटांत दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली नाही तर हिंदी वळण उमटते. नुसता कीबोर्ड मराठी असून भागत नाही. ‘ॲ’च्या जागी ‘ऍ’ पडला आहे का, हेही प्रुफात तपासावे. मूल पहिल्यांदा जे वळण पाहते तेच गिरवते, म्हणून इथली चूक मला सर्वांत जास्त खटकते.

बांधणीचेही सांगतो. अक्षरांची साधारण ५० पाने आणि बाराखडी, अंक धरून १६ पानी ४ फॉर्म (फॉर्म म्हणजे एका छापील तावाची घडी), म्हणजे ६४ पाने होतात. जाड कागदावर मधोमध पिना मारल्या की पुस्तक सपाट उघडत नाही, घडीजवळचा काना आत जातो आणि ‘ग’ अर्धाच दिसतो. अक्षर घडीपासून निदान दीड सेंटिमीटर लांब ठेवावे. मधली पाने कापताना बाहेरच्या कडेने जास्त छाटली जातात, तेव्हा तिकडेही तेवढीच जागा सोडावी.

कळावे,
एक बालपुस्तक संपादक, सातारा