तो वॉल्ट्झ आणि पहिला दानिलो

पुणे

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुला ‘दी लुस्टिगे विट्वे’मधला (म्हणजे ‘आनंदी विधवा’मधला) वॉल्ट्झ, जोडीनं नाचायची ती धून, ऐकवला. तू म्हणालास, "किती गोड आहे रे!" आणि मी एकदम गप्प झालो. का, ते फोनवर सांगवेना, म्हणून लिहितोय.

फ्रान्झ लेहारची ही ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, 30 डिसेंबर 1905 ला व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनमध्ये पहिल्यांदा झाली. संहिता व्हिक्टर लेऑन आणि लेओ श्टाइन यांची. पोन्तेवेद्रो नावाच्या चिमुकल्या काल्पनिक देशाचं दिवाळं निघायची वेळ आलीय. हान्ना ही कोट्यधीश विधवा पॅरिसमधल्या एखाद्या परक्याशी लग्न करून बसली तर पैसाही गेला, म्हणून वकिलातीतल्या दानिलोनं तिला वरावं असा घाट घातला जातो. (पोन्तेवेद्रो म्हणजे माँटेनेग्रो, हे तेव्हा कुणाला सांगावं लागलं नसेल. तिथल्या युवराजाचं नावच दानिलो होतं!) दोघांचं जुनं प्रेम, पण ती गरीब घरची म्हणून त्याच्या घरच्यांनी मोडता घातलेला. आता ती श्रीमंत, तर तो तोंड उघडत नाही. पैशांसाठी बोलला असं वाटेल ना. म्हणून तो वॉल्ट्झ. ओठ मिटलेले, बोलतात ती व्हायोलिनं. प्रेमात अडलेला मान इतक्या हळुवारपणे मांडणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

पहिली हान्ना मित्सी ग्युंथर, पहिला दानिलो लुई ट्रॉयमान. त्या भूमिकेनं तो व्हिएन्नाचा लाडका झाला.

ट्रॉयमान ज्यू होता. लेऑन आणि श्टाइनही ज्यू. आणि ही ऑपेरेटा हिटलरच्या विशेष आवडीची! 1938 मध्ये त्यानं ऑस्ट्रिया गिळला. लेहारची बायको सोफी ज्यू होती, पण लेहारच्या नावामुळे ती वाचली. ‘लँड ऑफ स्माइल्स’ या लेहारच्या दुसऱ्या ऑपेरेटासाठी ज्यानं त्याला गाणी लिहून दिली, तो फ्रिट्झ ल्योनर-बेडा 1942 मध्ये आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत मारला गेला. ट्रॉयमानला नाझींच्या तेरेझिनच्या छावणीत नेलं. 1943 मध्ये तो तिथेच वारला. तेव्हाही जर्मनीत त्याचा दानिलो दुसरं कुणीतरी गात होतं, टाळ्या घेत होतं. हे मला सहन होत नाही, नंदू.

ट्रॉयमान आणि ग्युंथर यांची जुनी ध्वनिमुद्रणं आहेत. खरखर फार आहे. शनिवारी ये, दिवे मालवून ऐकू.

तुझा,
अवि