चिंगीचा ससा

प्रिय सुनू,

तुझं पत्र येऊन पडलंय आणि मी गप्प. रागावली असशील तर रागाव, पण आधी हे वाच. माझा गुडघा आहे तसाच आहे, आई बऱ्या आहेत. लिहितेय ते आमच्या चिंगी कुत्रीपायी. घरात हे कुणापुढे बोलायची सोय नाही, आणि आपली राणी कुत्री गेली त्या रात्री माझ्याबरोबर तूच होतीस.

चिंगीने मुक्ताचा कापडी ससा पळवलाय. पलंगाखाली चादर ओढून नेली, पंजांनी उकरून जागा केली आणि सशाला पोटाशी घेऊन बसलीय. त्याला चाटते, कुणी हात पुढे केला की गुरगुरते. आचळांत दूधसुद्धा उतरलंय. नितीनने गंमत म्हणून शेजारी मोजा ठेवला, तर तोही दत्तक घेतला! दुसरा मोजा नितीनने कपाटात कुलूपबंद केलाय.

माज येऊन गेला त्याला दोन महिने होत आले. कुत्र्याची गाठ पडलेली नाही, हे मी शपथेवर सांगते. आई म्हणाल्या, "मुक्या जिवालाही आस असते गं. एकदा होऊ दे पिल्लं, मग करा काय ते नसबंदीचं ऑपरेशन." राणीच्या वेळी तू शब्दन् शब्द हेच म्हणाली होतीस. केवढं भांडलो आपण! आणि बाबांपुढे शेवटी दोघींचंही काही चाललं नाही.

तेव्हा तुला द्यायला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. आता आहे. माज सरला की कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि ती गाभण असो-नसो, दोनेक महिने वाढलेलंच राहतं. ते उतरू लागलं की प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचं हार्मोन, चढतं. मग दूध येतं, ससा पोटाशी येतो. आणि तेच प्रोजेस्टेरॉन दर माजानंतर पिल्लांसाठी म्हणून गर्भाशयाचं अस्तर जाड करत असतं. त्या तयारीत जंतू शिरले की पू साचतो. पायोमेट्रा. राणी भांडंच्या भांडं पाणी प्यायची, आठवतं? आपण म्हणायचो, उन्हाळा आहे. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं, त्यामुळे बाहेर काही दिसलंच नाही. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदी सांगतात की नसबंदी न केलेल्या साधारण पाचातल्या एका कुत्रीला दहाव्या वर्षाच्या आत हा आजार गाठतो. एकदा व्याली म्हणून त्यातून कायमची सुटका होत नाही. आपल्यासारखी त्यांची पाळीही जात नाही; माज म्हातारपणीही येतच राहतो.

मग अडलंय कुठे, असं विचारशील. नितीनही तेच विचारतो. त्याने १९६९ चा एक अभ्यास पाठ केलाय: पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका न केलेल्यांच्या अर्धा टक्का, एका माजानंतर आठ टक्के, दोन किंवा जास्त माजांनंतर सव्वीस. मी त्याला दाखवलं की २०१२ मध्ये असे जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुरावा कच्चा ठरला. उलट कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात हार्ट दांपत्याने २०२० मध्ये पस्तीस जातींचा हिशेब मांडला, त्यात चिंगीसारख्या लॅब्राडोर मादीसाठी वर्ष उलटेपर्यंत थांबा असं सुचवलंय. हाडांची वाढ थांबायला अंडाशयांची हार्मोन्स लागतात, अंडाशयं फार लवकर काढली तर सांध्यांना त्रास होऊ शकतो. चिंगीचं वर्ष उलटलंय, म्हणजे ती भीती मागे पडली. मोठ्या जातींत नंतर झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो कुणाकुणाला. त्यावर औषध आहे.

पण सुनू, खरं अडलंय ते सशाशी. सगळे म्हणतात, "अगं, नुसतं हार्मोन आहे ते." हार्मोनची माया म्हणून ती खोटी कशी? मुक्ता झाली तेव्हा माझ्याही अंगात प्रोलॅक्टिनच होतं ना? पलंगाखाली वाकून बघते तेव्हा चिंगी माझ्याकडे असं बघते की ऑपरेशनचा विचारसुद्धा तिच्यापासून लपवावासा वाटतो. आणि राणी ज्याने गेली, ते याच मायेच्या पोटातून आलं. हे मी नितीनला कसं सांगू?

तुझ्या बदलीचं काय झालं? यशचा निकाल लागला का? वन्संनी घर घेतलं ते कळलं, छान झालं.

तर मी ठरवलंय: करायचं. पण आत्ता नाही. दूध असताना ऑपरेशन केलं तर हे खोटं गाभणपण लांबत राहू शकतं, म्हणून आधी ससा सुटू दे. मग पुढच्या माजाच्या आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशय निरोगी असेल तर नुसती अंडाशयं काढली तरी पुरतं. प्रोजेस्टेरॉनच संपलं की पू व्हायचं कारण उरत नाही. ते ऐकून मला फार बरं वाटलं, का ते विचारू नकोस. नंतर खाणं पाव हिश्शाने कमी करावं लागेल. ते चिंगीला समजावण्याचं काम आईंकडे दिलंय, कारण चोरून भरवणाऱ्या त्याच.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर उड्या बंद, जिना बंद, गळ्यात कोन. ते सगळं आम्ही करू. फक्त भूल चढेपर्यंत तिच्या डोक्यावर हात ठेवून उभं राहायचंय, आणि राणीनंतर त्या खोलीत मी एकटी जाणार नाही. तू ये. तुला रजा कधी मिळते ते लगेच कळव, मी तारीख त्यावरच घेते.

तुझी,
वसू