सूचना : हातमागाचं घर, रविवारी सकाळी 8 वाजता

सर्व सभासदांना जय भीम. बौद्धपुऱ्यातल्या मागाच्या घराची पश्चिमेची भिंत यंदाच्या पावसात फुगली आहे. फावडं-टोपलं घेऊन यावं. सिमेंट कोणीही आणू नये, फुकट मिळालं तरी! मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते अन् भिंत पोकळ होते. पांढरी माती, गव्हांडा (गव्हाचा भुसा) अन् शेण पुरे.

ओसरीतला खड्डा बुजवू नका. तो कचऱ्याचा नाही, मागाचा आहे; विणकर त्यात पाय सोडून विणायला बसायचा. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, तरी खेड्यांतले महार विणकर जाडंभरडं कापड विणत राहिले. आपल्या गावात त्याची एवढीच खूण उरली. (पाटलांचे वाडे जपायला लोक आहेतच.)

कोणाकडे जुना धोटा (मागावर आडवा धागा नेणारा), फोटो असेल तर आणावा. चहा मिळेल, शिदोरी आपापली.